पिंपळथडीचं बंदर

गेल्या वैशाखात पिंपळथडीला जहाज आलं होतं, हे कुणी खरं मानणार नाही. न मानो. समुद्र चारशे किलोमीटर लांब, दुधनेच्या पात्रात बकऱ्या बसलेल्या, आणि अशा गावाला जहाज आलं म्हटलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. घेऊ द्या. जहाज आलं, त्यानं नांगर टाकला, आणि त्या नांगराची चरी भुजंगच्या शेतात अजून आहे. ज्याला बघायची असेल त्यानं सेलूला उतरावं, वालूरची गाडी धरावी आणि पुढं कुणालाही विचारावं, "बंदर कुठंय?" हसतील, पण रस्ता दाखवतील.

ही सगळी भानगड उद्धव तारमास्तरची. परभणीच्या तार हापिसात त्याची उभी हयात गेली. ज्या साली सरकारनं तार बंद केली त्याच साली मास्तर निवृत्त झाला, आणि दोन्ही एकाच आठवड्यात. तार थांबली, पण मास्तरचं उजवं बोट काही थांबलं नाही. हॉटेलच्या टेबलावर, एस्टीच्या सीटवर, पंगतीत पत्रावळीच्या काठावर, कट्ट कडकट्ट, कट्ट कडकट्ट चालूच. लग्नात शेजारी बसणारा पाव्हणा घाबरून जागा बदलायचा. आणि गप्पा म्हणाल तर विचारू नका. मास्तरच्या गोष्टीतली म्हैससुद्धा दूध द्यायच्या आधी मालकाला तार करायची. गावानं त्याचं खरं मानणं कधीच सोडून दिलं होतं आणि ऐकणं मात्र सोडलं नव्हतं.

पण एका माणसाला मास्तरनं एक शब्द दिला होता, आणि तो खोटा ठरू नये असं त्याला मनापासून वाटायचं. ती त्याची चुलती, विमलाबाई. मास्तरला जन्म देऊन त्याची आई गेली, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच घरात आलेल्या या पंधरा वर्षांच्या काकूनं त्याला पदराखाली घेतलं. आता ती पंच्याऐंशीची. कमरेतून वाकली, पण जिभेला वाक नाही.

काकूचं माहेर पोखर्णीचं. तिचा बाप बन्सीधर रेल्वे स्टेशनात तार शिकला, मुंबईला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात एका मालवाहू जहाजावर तारबाबू झाला. बंदूक नाही, गणवेश नाही. दाणागोटा आणि कोळसा वाहणारं जहाज, आणि त्यातल्या एका खोलीत कानाला यंत्र लावून बसलेला पोखर्णीचा माणूस. मग कधीतरी उडत उडत बातमी आली, की जहाज बुडालं. कुठं, कधी, कुणालाच सांगता येईना.

काकूचं दुखणं त्या "कधी"मध्ये होतं. भाऊ नसल्यानं बापाचं पान पितरपाटात तीच वाढायची. बाकीच्या पितरांना आपापली तिथी. बन्सीधरला मात्र सर्वपित्री अमावास्या, म्हणजे ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही अशा सगळ्यांची एकच पंगत. दरसाल पान वाढताना काकू चिडायची.

"माझा बाप काय बेवारस हाय का रं उद्धवा? दरसाली आपला गर्दीत जेवायलाय!"

"काकू, दगडावर त्याचं नाव येईल. अन् नावाखाली तिथी बी येईल. तू असताना येईल," असा शब्द मास्तर देऊन बसला होता.

अकरा वर्षं त्यानं अर्ज केले. दिल्लीला केले, मुंबईला केले, एक तर चुकून पशुसंवर्धनाला गेला आणि तिथून उत्तरही आलं, की आपल्या जहाजाचं लसीकरण झाल्याची नोंद आढळत नाही. शेवटी मुंबईतल्या निवृत्त दर्यावर्दींच्या एका मंडळानं पत्र पाठवलं. युद्धात कामी आलेल्या मालवाहू जहाजांवरच्या खलाशांचं आणि तारबाबूंचं स्मारक आम्ही ठिकठिकाणी उभारतो, तुमच्या गावात बसवायला तयार आहोत. अट एकच. स्मारक पाण्याच्या काठी असावं, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की पाणी दिसावं. न दिसल्यास दगड कोकणात हलवण्यात येईल.

सरपंच बजरंगनं पत्र दोनदा वाचलं. "मास्तर, ह्यांना कुणी सांगितलं आपल्याकडं पाणी हाय?"

"गावाच्या नावात थडी हाय ना. त्यांना वाटलं बारमाही."

"तुमी न्हाई ना काही लिवलं?"

"मी फक्त लिवलं, की लाटांच्या आवाजानं झोप येत न्हाई."

दगड पौषात आला. तेव्हा दुधनेत डबकी होती, त्यामुळं काठावर बसवताना कुणाला लाज वाटली नाही. पुरुषभर उंचीचा काळा दगड. वर जहाजाचा नांगर कोरलेला. खाली सगळ्या खलाशांना आणि तारबाबूंना वंदन, आणि त्याखाली "बन्सीधर, तारबाबू, पोखर्णी. मृत्यू" एवढं लिहून पुढं वीतभर जागा कोरी. शेजारी बुटक्या ओट्यावर तार ठोकायचं खरंखुरं पितळी यंत्र. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. दोन स्क्रूंवर बसलेलं, बस्स. उद्घाटन आणि पाहणी मंडळाच्या बाई वैशाखात येऊन करणार होत्या.

आता आपल्या मुलखात उभा दगड दोन दिवस तसाच ठेवून बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गेला, तर बन्सीधरच्या नावापर्यंत शेंदूर चढलेला, पायाशी नारळ फोडलेला, आणि पार्वतीबाई यंत्राच्या बटणावर बोट आपटत उभी.

"पार्वतीबाई, काय करायलाय?"

"देवाला सांगायलेय. टँकर येऊ दे म्हणून."

"तो देव न्हाई. काकूचा बाप हाय."

"मग अजून चांगलं. ओळखीतला हाय."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. खरं तर तो त्याचा ठरलेला दिवस होता, पण ठरलेल्या दिवशी टँकर येणं हाच पिंपळथडीत चमत्कार. मग काय, रांग लागली. कुणाला सून हवी, कुणाला म्हशीनं आंबोण खाणं सोडलं त्यावर इलाज हवा. मास्तरला ओट्यावर बसवलं. लोक सांगणार, मास्तर ठोकणार. पण तारेची शिस्त त्यानं सोडली नाही. दहा शब्दांवर एकही शब्द नाही.

"थोडक्यात सांगा, थोडक्यात. 'म्हैस खात न्हाई, मार्ग दाखव.' झालं. तिचं वय कशाला? तिचा सासुरवास कशाला?"

काकू रोज संध्याकाळी काठी टेकत यायची, सगळ्यांचं आटोपलं की दगडापुढं उभी राहायची आणि त्या वीतभर कोऱ्या जागेवरून हात फिरवायची. मागायची काहीच नाही. त्या हाताकडं बघवायचं नाही म्हणून मास्तर यंत्र पुसत बसायचा.

वैशाख उजाडला. दुधना अशी सुकली, की पात्रातून शॉर्टकट पडला. आणि पत्र आलं. रविवारी सकाळी श्रद्धा मॅडम येत आहेत.

बजरंगनं मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. एकानं म्हटलं, निळं प्लास्टिक अंथरू. दुसरा म्हणाला, बाईंना चष्मा असला तर काढून ठेवू. भुजंगनं सुचवलं, रविवारचा टँकर पात्रात रिकामा करू. त्यावर पार्वतीबाई उभी राहिली आणि भुजंग बसला.

"प्यायचं पाणी वाळूत वतणार? तुझी जीभ वाळूत घालते आधी."

"मग दगड जाऊ द्या कोकणात," भुजंग बसूनच म्हणाला.

"तो बी जाणार न्हाई! माझा टँकर आणणारा दगड हाय तो."

सगळे मास्तरकडं बघायला लागले. मास्तरचं बोट गुडघ्यावर चालू होतं. ते एकदम जोरात चालायला लागलं.

"टँकर कुठं थांबतो?" त्यानं विचारलं.

"मारुतीपाशी. आदल्या दिवशी भांडी रांगेला लावून ठेवतो आपण."

"यंदा रांग दगडापाशी लावायची. सगळ्या गावाची. टँकर आला की सगळी भांडी काठोकाठ भरायची अन् बाई जाईपर्यंत कुणी उचलायची न्हाईत. पाणी वाया जायलंय का? न्हाई. पाणी दिसायलंय का? दिसायलंय. पत्रात पाणी दिसावं एवढंच लिवलंय. कशात असावं ते कुठं लिवलंय?"

पार्वतीबाईनं जरा विचार केला. "पण झाकणं ठेवणार आमी. धूळ पडते."

"ठेवा. बाई आल्या की उघडू."

शनिवारी दुपारपासून गाव रिकामं व्हायला लागलं, म्हणजे भांड्यांनी. हंडे, कळशा, घागरी, बादल्या, रांजण, निळे ड्रम, फवारणीचे धुतलेले कॅन. काठापासून पार भुजंगच्या बांधापर्यंत. काकूनंही देवघरातली तांब्याची जुनी घागर काढली. काळी ठिक्कर पडली होती ती, मास्तरच्या आठवणीत तिला कधी कुणी उजळलं नव्हतं. काकूनं ती चिंच लावून दोन तास घासली आणि स्वतः नेऊन दगडासमोर पहिल्या रांगेत ठेवली.

रविवारी आठला टँकर आला. दहाला मॅडम आल्या. तरुण बाई, पांढरा सदरा, हातात फाईल. त्यांचे आजोबाही कधीकाळी जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते, आणि ते सांगताना बाईंचा आवाज हलका झाला. मग त्यांनी समोर बघितलं. बजरंगनं खूण केली, बायकांनी झाकणं उचलली, आणि साडेतीनशे तोंडांनी उन्हात पाणी चकाकलं.

"हे... तळं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"समुद्रच हाय मॅडम," बजरंग म्हणाला. "तुमच्याकडं एकत्र असतो, आमच्याकडं सुट्टा."

मॅडमनी फाईल उघडली, मिटली, परत उघडली. "खोली किती?"

"काठाला कळशीभर. पुढं ड्रम लागतात, तिथं साडेतीन फूट. लेकरांना आमी तिकडं जाऊ देत न्हाई."

मॅडम काठाकाठानं चालत भांड्यांवर कोरलेली नावं वाचायला लागल्या. लग्नातली भांडी ती. "सौ. सुभद्राबाई यांजकडून सप्रेम भेट." "मामाकडून चि. सौ. कां. हिस." पहिल्या रांगेत त्या वाकल्या. "कडूबाई. या कोण?"

बजरंगनं डोकं खाजवलं. "ह्या गावात कडूबाई न्हाई. कुणी बाजारातून जुनं भांडं आणलं असंल."

मॅडमनी "पाणी दिसते" यापुढं बरोबरची खूण केली. गावानं टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, "पण मृत्यूची तारीख? ती कोरी कशी? आज आमचा पाथरवट सोबत आहे. आजच कोरून घ्यायची असेल तर सांगा. मंडळ परत पाठवणार नाही."

काकूनं मास्तरकडं बघितलं.

मास्तर ओट्यापाशी गेला. झाकणं परत ठेवा म्हणाला, कारण वारा सुटला होता. मग बोट यंत्रावर ठेवलं आणि सगळ्या जगाला उद्देशून ठोकलं: "बन्सीधर तारबाबू, पोखर्णी. कुणी ऐकायलंय का?" कट्ट कडकट्ट. कशालाच न जोडलेलं ते यंत्र.

आणि आता जे झालं ते साडेतीनशे भांड्यांच्या साक्षीनं झालं. भुजंगच्या ड्रमाचं झाकण वाजलं. मग शेजारच्या हंड्याचं. मग सगळ्या समुद्रावरून झाकणं थडथडत गेली. कट्ट, कडकट्ट, कट्ट.

"जबाब यायलाय!" मास्तर ओरडला. त्यानं भुजंगच्या ड्रमाला कान लावला. "म्हणतात, कोण गाव?"

"सांगा, सांगा! पिंपळथडी, तालुका सेलू!"

मास्तरनं ठोकलं. झाकणं वाजली. "म्हणतात, नकाशात न्हाई."

"बघा मॅडम," बजरंग म्हणाला, "हेच मी तहसीलला सांगत व्हतो."

"खुणा विचारायलेत."

"देवगाव फाट्यावरून या म्हणावं. मोबाईलचा टॉवर दिसला की डावीकडं."

एवढ्यात भोंगा झाला. ऊसतोडीच्या ट्रकचा भोंगा सगळ्यांना ठाऊक, तसला नाही. पोटातून आलेला, लांबलचक. काठच्या जांभळीवरची सगळी पाखरं उडाली. देवगाव फाट्याच्या अंगानं काळा धूर उठला, धुराखाली धुराडं, धुराड्याखाली गंजानं लाल झालेलं जहाज, आणि ते दुधनेच्या पात्रातून सावकाश यायला लागलं. वाळूवरून जहाज कसं चाललं असं विचारू नका. त्या वाळूतून ट्रॅक्टर चालतात, त्यांना कुणी विचारत नाही. बकऱ्या उठल्या, जहाजाला वाट दिली आणि परत बसल्या.

भुजंगच्या बांधापाशी जहाजानं नांगर टाकला. तो घसरत घसरत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. भुजंग धावला, खाली बसून चरीत हात घातला आणि म्हणाला, "दीड वीत खोल! आजून दोन फेऱ्या मारा म्हणावं."

कठड्याला माणसं उभी होती. उन्हामुळं तोंडं दिसेनात, टोप्या तेवढ्या दिसत होत्या. झाकणं वाजली. मास्तर ऐकता ऐकता गडबडला. त्यानं परत कान लावला.

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं. त्यांची फाईल केव्हाच खाली पडली होती.

"म्हणतात... प्यायचं पाणी हाय का. ऐंशी वर्षं झाली, समुद्रात सगळं खारं हाय म्हणतात."

मग पार्वतीबाईनं पदर खोचला.

"आं! एवढ्या पाण्यात राहून ह्यांना बी पाणी? द्या की, पाण्याला न्हाई म्हणू नये. पण रांगेनं घ्या म्हणावं. मागून!"

जहाजावरून दोरीला बांधलेली बादली खाली आली. पार्वतीबाईनं ती उचलून शेवटच्या कॅनच्या मागं नेऊन ठेवली. जहाजानं तक्रार केली नाही. रांगेचा कायदा कळणारी माणसं होती.

आता काकू पुढं आली. काठी ओट्याला टेकवून ठेवली. आवाज इतका बारीक, की मास्तरला ती लहान पोर असल्यासारखं वाटलं.

"उद्धवा. त्यांना तिथी इचार."

मास्तरनं ठोकलं. दहा शब्दांत बसवलं. "बन्सीधर तारबाबू कोणत्या दिवशी गेला, त्याची लेक इथं उभी हाय."

झाकणं गप्प.

त्यानं परत ठोकलं. जहाजाचा धूर सरळ वर जात होता. वाराही थांबला होता. साडेतीनशे भांडी आणि एकाचंही झाकण हलेना. पाथरवटानं छिन्नी दगडावर टेकवून ठेवली होती. मॅडम पेन धरून उभ्या. काकू ड्रमाकडं बघत होती, जसं कुणी दाराकडं बघतं.

तिसऱ्यांदा ठोकलं. काही नाही.

मास्तरनं आयुष्यात हजारो तारा वाचल्या होत्या. कुणाचा बाप गेल्याच्या, कुणाला पोरगा झाल्याच्या. जबाब आला नाही असं सांगायची पाळीही शेकडो वेळा आली होती. ते सांगणं काही अवघड नव्हतं. त्यानं काकूच्या हाताकडं बघितलं. तो हात हवेतच त्या कोऱ्या जागेवरून फिरत होता. मास्तरनं ड्रमाला कान लावला, डोळे मिटले आणि स्वतःच्या नखानं ड्रमाच्या पलीकडच्या बाजूला हळूच कट्ट केलं.

"आला. जबाब आला," तो म्हणाला.

गाव पुढं सरकलं.

"मॅडम, लिवून घ्या. 'मी बन्सीधर. वैशाख वद्य पंचमीला गेलो. सकाळचा वखत व्हता. लय त्रास झाला न्हाई.'"

पाथरवटानं हातोडी उचलली. काकूचे डोळे भरले. तिनं दोन्ही हात जोडले. आणि मास्तरला वाटलं, जमलं, अकरा वर्षांचं जमलं, आता एवढंच. पण ज्याची जीभ जन्मभर सैल, त्याला दहा शब्दांवर थांबायचं कुठं सुचतं? तार तर केव्हाच दहाच्या पुढं गेली होती.

"'विमला, बाळा,'" मास्तर गहिवरून वाचायला लागला, "'तू लहान व्हतीस. विमला विमला करत मी गेलो. आता वाट बघू नको.'"

काकूचे जोडलेले हात सुटले.

"थांब रं बाबा," ती पाथरवटाला म्हणाली. मग लुगडं जरा वर धरून ती समुद्रात शिरली. दोन हंडे ओलांडले, एक बादली बाजूला केली आणि पहिल्या रांगेतल्या तांब्याच्या घागरीपाशी उभी राहिली.

"उद्धवा, हिकडं ये. हे वाच."

मास्तर गेला. वाकला. चिंचेनं लखलखत्या तांब्यावर अक्षरं होती. त्यानं वाचली, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा त्याचं बोट हलायचं थांबलं.

"मोठ्यानं वाच. सरपंचाला बी ऐकू दे."

"क... कडूबाई," मास्तर म्हणाला.

"माझ्या आदी तीन लेकरं गेली. ही तरी राहावी म्हणून बापानं माझं नाव कडू ठेवलं, अन् जाताना ही घागर माझं नाव घालून दिली. विमला तर तुझ्या चुलत्यानं लग्नात परातीतल्या तांदळात लिवली. तवा मी तेरा वर्षांची. माझ्या बापाला समुद्रात जाऊन धा वर्षं झाली व्हती." काकूनं कमरेवर हात ठेवले, आणि तिचा आवाज पार जहाजाच्या कठड्यापर्यंत गेला. "मग त्याला ही विमला कोण, ते कुणी सांगितलं रं, लबाडा?"